कॅथॉलिक मुलींच्या हायस्कूलचे ध्येय आणि स्वभाव : एका पालकाच्या प्रश्नाला उत्तर

पुण्यातील एका वारकरी कुटुंबातील वडिलांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीला कॅथॉलिक धर्मभगिनी चालवीत असलेल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये पाचवीत प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. शाळेच्या माहितीपुस्तिकेत ‘ध्येय’, ‘कॅथॉलिक वैशिष्ट्य’ आणि ‘संस्थापिकेचा वारसा’ असे शब्द वारंवार येतात. पण रोजच्या शाळेत त्यांचा नेमका अर्थ काय, हे त्यांना उमगत नाही. नातेवाइकांपैकी काही जण धर्मांतराची भीती घालतात, तर काही जण ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ म्हणून प्रवेश घ्याच असा आग्रह धरतात. केवळ मुलींची शाळा असणे हिताचे की अहिताचे, आणि मुलीच्या गळ्यातील तुळशीच्या माळेचे काय, हे त्यांचे आणखी दोन प्रश्न आहेत.

मी स्वतः कॅथॉलिक नाही. अशा शाळांमध्ये इतिहास आणि मराठी शिकवण्यात, पुढे पर्यवेक्षिका आणि मुख्याध्यापिका म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे हे उत्तर शाळेच्या आतून दिलेले आहे, धर्माच्या आतून नव्हे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते : शाळा आपली सर्वांत जास्त मेहनत कोणत्या मुलीवर खर्च करते हे पाहिले की तिचे ध्येय कळते, माहितीपुस्तिका त्यानंतर वाचली तरी चालते.

पहिली गोष्ट खातरजमेची. नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ आहे म्हणून शाळा कॅथॉलिक असते असे नाही. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ८०३ व्या कलमानुसार, धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या कारभाराखालील प्रदेशाच्या, अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेने स्वतःला ‘कॅथॉलिक शाळा’ म्हणवून घेऊ नये. मात्र हे बंधन चर्चच्या घरातले आहे, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेल्या खाजगी इंग्रजी शाळांना संतांची नावे लावण्यापासून ते थोडेच अडवणार? तेव्हा शाळा कोणती संस्था चालवते, हे विचारावे. कॅथॉलिक शाळांचेही ढोबळ दोन प्रकार आहेत. काही शाळा धर्मप्रांताच्या असतात. त्या चर्चच्या आवारात, स्थानिक धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या चर्चला जोडलेल्या वस्तीच्या, गरजेतून उभ्या राहिलेल्या असतात आणि त्यांत बहुधा मुलगे व मुली एकत्र शिकतात. दुसऱ्या शाळा धर्मभगिनींच्या एखाद्या विशिष्ट संघाच्या असतात, आणि मुलींची हायस्कुले बहुतांशी या दुसऱ्या प्रकारातील आहेत. ‘संस्थापिकेचा वारसा’ हा शब्दप्रयोग या दुसऱ्या प्रकाराला लागू पडतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय बाकीचे काही समजत नाही.

आपल्याकडे ‘कॅथॉलिक नन्स’ असा एकच गठ्ठा मानण्याची सवय आहे. प्रत्यक्षात प्रत्येक संघ वेगळ्या देशात, वेगळ्या संकटातून, वेगळ्या स्त्रीच्या हट्टातून जन्मलेला आहे, आणि तो जन्म शाळेच्या वागण्यात दोनशे वर्षांनीही डोकावतो. मुंबई आणि पुण्यात ज्यांची शाळा ‘जीझस अँड मेरी’ या नावाने ओळखली जाते, त्या संघाची संस्थापिका क्लोदीन तेवने ही फ्रान्समधील लिऑन शहराची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, जानेवारी १७९४ मध्ये, तिच्या दोन भावांना मृत्युदंड देण्यात आला; आपल्याला मारणाऱ्यांना तिने क्षमा करावी, असे त्यांनी जाता जाता सांगितले, अशी त्या संघाची आठवण आहे. लिऑन हे रेशीम विणणाऱ्यांचे शहर होते. क्रांतीनंतर रस्त्यावर आलेल्या अनाथ मुलींसाठी क्लोदीनने जी घरे उघडली, तेथे प्रार्थना आणि अक्षरओळखीबरोबर रेशमाचे माग होते, कारण मुलीला स्वतःच्या हाताने पोट भरता आले पाहिजे असा तिचा आग्रह होता. १८१८ मध्ये संघ स्थापन झाला, १८४२ मध्ये त्याच्या भगिनी आग्र्यास आल्या, आणि १९९३ मध्ये क्लोदीनला संतपद मिळाले. तिने आपल्या भगिनींना दिलेली एक शिकवण मला फार मोलाची वाटते. मुलींमध्ये डावे-उजवे करू नका, आणि करायचेच झाले तर सर्वांत गरीब, सर्वांत दोषी आणि सर्वांत कमी गुणी मुलीच्या बाजूने करा, असे ती सांगत असे. शिक्षकांच्या बैठकीत हे वाक्य कोणी उच्चारले की काही क्षण सगळे गप्प होतात, कारण आपण सगळेच स्वाभाविकपणे उलटे करत असतो.

मेरी वॉर्ड हिची कथा आणखी विलक्षण आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, कॅथॉलिकांचा छळ होत असलेल्या इंग्लंडमधील ही स्त्री. तिने १६०९ मध्ये मठाच्या भिंतीआड न राहता समाजात वावरणाऱ्या आणि मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियांचा संघ काढला. त्या काळच्या चर्चला हे मानवले नाही. संघाला मान्यता मिळावी म्हणून ती आल्प्स ओलांडून रोमपर्यंत चालत गेली, तरी १६३१ मध्ये पोपच्या आज्ञेने संघ बरखास्त झाला आणि तिला काही काळ म्युनिकमध्ये कैदेत राहावे लागले. संस्थापिका म्हणून तिला चर्चची मान्यता मिळाली ती १९०९ मध्ये, म्हणजे तब्बल तीनशे वर्षांनी. तिच्या परंपरेतील लोरेटो भगिनी १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात पोहोचल्या. ज्या संघाच्या मुळाशीच चर्चच्या अधिकाऱ्यांशी झालेला हा तंटा आहे, त्याच्या शाळेत मुलींना प्रश्न विचारण्याची थोडी अधिक मोकळीक असली, तर त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

बाकीच्या संघांबद्दल थोडक्यात सांगते. मुंबईत माहीम आणि अंधेरी येथे ज्यांच्या शाळा आहेत त्या कनोसियन भगिनींची संस्थापिका मॅग्दालेना ही इटलीतील व्हेरोना येथील सरदारकन्या. १८०८ मध्ये वाडा सोडून ती गरिबांच्या वस्तीत राहायला गेली. पाचगणीचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ मध्ये सुरू करणाऱ्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाची सुरुवात १८३३ मध्ये बेल्जियममधील लिएज या औद्योगिक शहरात झाली. ‘ऑक्झिलियम’ नावाच्या शाळा सेल्शियन भगिनींच्या. त्यांचा संघ १८७२ मधला, आणि विवेक, धर्म व माया या तीन गोष्टींच्या बळावर मूल चुकण्याआधीच त्याच्यासोबत असावे, ही इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांची पद्धत त्यांनी उचलली. या शाळांत मधल्या सुटीत सिस्टर मैदानावर मुलींबरोबर खेळताना दिसतात, ते या पद्धतीमुळेच.

या सगळ्या कथांत एक समान धागा आहे आणि तो आजच्या ‘कॉन्व्हेंट’च्या प्रतिमेशी मुळीच जुळत नाही. जवळजवळ प्रत्येक संस्थापिकेने सुरुवात केली ती गरीब मुलींपासून. सधन घरांतील मुलींसाठी फी घेणारी निवासी शाळा पुढे आली, आणि तिच्या उत्पन्नावर शेजारची मोफत शाळा किंवा अनाथालय चालवायचे, असा हिशेब असे. भारतातही हेच जोडकाम दिसते. कोलकात्यातील एंटाली येथे लोरेटोच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची शाळा होती. मदर तेरेसा स्वतःचा संघ काढण्यापूर्वी तेथेच शिकवत होत्या आणि १९४४ मध्ये तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. म्हणजे इंग्रजी फर्डे बोलणे, पियानो, टापटीप आणि उच्चभ्रू ओळखी ही ध्येयाच्या पूर्ततेसाठी लागणारा पैसा उभा करणारी बाजू होती. कालांतराने अनेक ठिकाणी मोफत शाळा मागे पडली, किंवा निराळ्या दारातून प्रवेश असलेली दुय्यम शाळा होऊन राहिली, आणि पैसा उभा करणारी बाजूच ध्येय म्हणून मिरवू लागली. ही टीका बाहेरच्यांचीच आहे असे नाही. रोममधील कॅथॉलिक शिक्षण विभागाने १९७७ मध्ये कॅथॉलिक शाळेविषयी काढलेल्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, या शाळा प्रामुख्याने सधन वर्गाकडेच लक्ष देऊ लागल्या, तर त्या वर्गाचे विशेष स्थान टिकवण्यास आणि अन्याय्य समाज पोसण्यास त्या हातभार लावतील. त्याआधी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, शिक्षणावरील घोषणापत्रात गरिबांची, घराचा आधार नसलेल्यांची आणि इतर धर्मीयांचीही काळजी घेण्यास शाळांना सांगितले होते.

हे ध्येय आजच्या शाळेत अमलात येऊ शकते का? येऊ शकते, आणि त्याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण पुन्हा कोलकात्याचे आहे. सिस्टर सिरिल मूनी या आयरिश धर्मभगिनी १९७९ मध्ये सियालदह येथील लोरेटो डे स्कूलच्या प्रमुख झाल्या. शाळा रेल्वे स्थानकाजवळ, आणि स्थानकाच्या आसपास रस्त्यावर राहणाऱ्या मुली दाराशीच दिसणाऱ्या. त्यांनी फी न भरणाऱ्या मुलींचे प्रमाण वाढवत सुमारे निम्म्यावर नेले आणि रस्त्यावरच्या मुलींसाठी शाळेतच जागा केली. ‘रेनबो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेतील मुलींना शिकवत असत त्या शाळेतल्याच पाचवीपासून पुढच्या विद्यार्थिनी, आणि त्यासाठीचा वेळ कार्यानुभवाच्या तासांतून, म्हणजे वेळापत्रकातूनच, काढलेला असे. शाळा सुटल्यावर हौसेने करायचे समाजकार्य असे त्याचे रूप नव्हते. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या प्रयोगाचे महत्त्व मला त्याच्या दयाळूपणात कमी आणि त्याच्या रचनेत अधिक वाटते : फी भरणारी मुलगी आणि रस्त्यावर झोपणारी मुलगी एकाच इमारतीत, एकमेकींना नावाने ओळखणाऱ्या झाल्या. आमच्याकडे वर्षातून एकदा नाताळाआधी धान्य आणि जुने कपडे गोळा करून आश्रमात नेण्याचा कार्यक्रम होतो, तो वाईट नाही. पण त्याला ‘ध्येय’ म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

आता धर्माविषयी. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम असे की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा होतो : कॅथॉलिक मुली कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, तासाला एका वर्गात जातात, त्याच वेळी इतर मुलींचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी किंवा सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक उपासना, असेल, तर ती कॅथॉलिक मुलींसाठी असते. सकाळच्या परिपाठात मात्र सर्वजणी एकत्र असतात. तेथे राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञेबरोबर एखादे ख्रिस्ती प्रार्थनागीत म्हटले जाते आणि बायबलमधील उतारा वाचला जातो. अनेक शाळांत दिवाळी, ईद आणि गुरू नानक जयंतीच्या परिपाठाची जबाबदारी त्या त्या घरच्या मुलींकडे देतात. आपल्या मुलीने यांपैकी कशात सहभागी व्हावे आणि कशात नाही, हे प्रवेशाच्या वेळी लेखी देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

धर्मांतराच्या भीतीबद्दल माझा अनुभव सरळ आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींत बहुसंख्य हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध आणि पारशी होत्या, आणि शाळेमुळे धर्म बदललेली मुलगी माझ्या पाहण्यात नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ख्रिस्ती लोकसंख्या २.३ टक्के आहे; पिढ्यान्‌पिढ्या या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलींची संख्या पाहता, या शाळा धर्मांतराचे साधन असत्या तर हा आकडा असा राहिला नसता. कॅथॉलिक चर्चनेही १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत सक्ती निषिद्ध ठरवली आहे. परंतु याचा अर्थ शाळा धर्माच्या बाबतीत कोरी असते असा मुळीच नाही, आणि तसे सांगणाऱ्या प्राचार्यांवर विश्वास ठेवू नये. दिवसाच्या शेवटी आपण काय चुकलो याचा शांतपणे विचार करणे, क्षमा मागणे आणि देणे, आजारी मैत्रिणीसाठी वर्गाने मिनिटभर डोळे मिटणे, या सवयी ख्रिस्ती आध्यात्मिकतेतून आलेल्या आहेत आणि त्या मुलींच्या अंगवळणी पडतात. ज्या घरात संध्याकाळी हरिपाठ होतो, त्या घरातील मुलीला यांत परके असे फार काही वाटत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे; उलट, ज्या घरात कोणतीच उपासना नाही, तेथील पालकांना या गोष्टी अधिक खटकतात.

माळेबद्दल : गणवेशाच्या नियमात दागिन्यांना बंदी असते आणि ती काटेकोरपणे पाळणाऱ्या शाळा गळ्यातला क्रूसही काढायला लावतात. बहुतेक ठिकाणी कॉलरच्या आत राहणाऱ्या माळेला किंवा ताईताला कोणी हरकत घेत नाही, पण हे वर्गशिक्षिकेच्या मर्जीवर सोडू नये. मुख्याध्यापिकांना आधीच भेटून सांगावे, आणि त्यांचे उत्तर कोणत्या स्वरात येते याकडेही लक्ष द्यावे.

फक्त मुलींच्या शाळेचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या स्वतंत्र शाळा ही सगळ्यांचीच गरज होती. फुले दांपत्याने १८४८ मध्ये भिडेवाड्यात काढलेली शाळा मुलींचीच होती आणि १८८४ मध्ये सुरू झालेले हुजूरपागाही मुलींचेच. कॅथॉलिक शाळांच्या बाबतीत त्यात धर्मविचाराची भर पडली, कारण पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या परिपत्रकात सहशिक्षणाची पद्धत चुकीची आणि घातक ठरवली होती. आज तो युक्तिवाद कोणी पुढे करत नाही. आज सांगितले जाते ते असे की, मुलींच्या शाळेत मुली अधिक पुढे येतात. यात तथ्य आहे, पण ते आपोआप घडत नाही. एकवीस देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात घरची परिस्थिती वगैरे गोष्टी विचारात घेतल्यावर एकलिंगी शाळांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. माझा अनुभव या निष्कर्षाशी जुळतो. ज्या शाळेत प्रयोगशाळेतली जोडणी, बँडमधला मोठा ढोल, स्नेहसंमेलनाचा रंगमंच, सहलीचा जमाखर्च आणि मैदानाची आखणी हे सगळे मुलींच्या हाती असते, तेथे वर्गात मुलगे नसण्याचा खरा उपयोग होतो. हीच कामे शिपाई, बाहेरचा कंत्राटदार किंवा शेजारच्या मुलांच्या शाळेतील सर करत असतील, तर ती फक्त मुलगे वगळलेली शाळा असते.

याच संदर्भात ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ हा विषय येतो, आणि त्यावर माझे मत काहीसे कठोर आहे. वक्तशीरपणा, वह्यांची नीटनेटकी मांडणी, हळू आवाजात बोलणे, रांगेत वाट पाहणे, हे सगळे चांगले. पण स्कर्टची लांबी फूटपट्टीने मोजणे, रिबिनीच्या रुंदीवरून वर्गाबाहेर उभे करणे, मुलीने हसताना तोंड झाकावे असली शिकवण, आणि शाळेच्या फाटकाबाहेर कोणी छेड काढली तर आधी मुलीलाच तिच्या वागण्याबद्दल विचारणे, यांचा संस्थापिकांच्या ध्येयाशी काडीचा संबंध नाही. हा राणी व्हिक्टोरियाच्या काळातील सभ्यतेचा गाळ आहे, आणि आपल्या मध्यमवर्गीय पालकांना तो आवडला म्हणून टिकून राहिला. आमच्या पालकसभेत मी असे वडील पाहिले आहेत, जे फी-सवलतीचा ठराव ऐकताना घड्याळ पाहत आणि केस मोकळे सोडण्यावर बंदी आली की टाळ्या वाजवत.

शाळेच्या आवारात मराठी बोलल्याबद्दल दंड घेण्याची प्रथाही याच जातीची. तिला कॅथॉलिक परंपरेचा आधार नाही. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, आणि वसईच्या परिसरात मराठी हीच भाषा असलेला कॅथॉलिक समाज आजही आहे. याच समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२० च्या राज्य कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. शाळा त्याकडे तासिका भरण्याचे काम म्हणून पाहते की मराठीच्या शिक्षिकेलाही इंग्रजीच्या शिक्षिकेइतका मान देते, हे ग्रंथालयातील मराठीच्या कपाटावरील धूळ पाहून चटकन कळते.

मुलींच्या सुरक्षिततेबाबत थोडक्यात सांगते. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून सर्वांना सारखाच लागू आहे, राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती अपेक्षित आहे, आणि धर्मगुरू वा धर्मभगिनी यांच्याविरुद्धच्या तक्रारीही पोलिसांकडेच जायला हव्यात. समितीतील सदस्यांची नावे फलकावर लावलेली नसतील, तर ती मागावीत.

या शाळांपुढचा सध्याचा सर्वांत मोठा प्रश्न बाहेरून दिसत नाही : धर्मभगिनींची संख्या घटत आहे. जेथे पूर्वी निम्म्या वर्गांवर सिस्टर असत, तेथे आज एखाद-दुसरीच असते, आणि तिचाही दिवस बांधकाम, लेखापरीक्षण व शिक्षण विभागाचे पोर्टल यांत संपतो. वर्गात उभ्या असतात त्या माझ्यासारख्या, बहुधा अख्रिस्ती, शिक्षिका. त्यांनी संस्थापिकेचा वसा चालवावा अशी अपेक्षा असेल, तर त्यांना तो सांगितला गेला पाहिजे, आणि त्याहीपेक्षा, त्यांना पुरेसा पगार व निर्णयात वाटा मिळाला पाहिजे. काही संघ नव्या शिक्षिकांसाठी दोन-तीन दिवसांची शिबिरे घेतात, त्यांत संस्थापिकेचे चरित्र सांगतात, आणि शाळेतील अवघड प्रसंग समोर ठेवून ‘तिने काय केले असते’ अशी चर्चा घडवतात. अशा एका चर्चेतून एका शाळेने चाचणीतील क्रमांक जाहीर करणे बंद केले होते. दुसरीकडे, विनाअनुदानित तुकडीवर अत्यल्प मानधनात राबणाऱ्या शिक्षिकेला प्रेम आणि न्याय यांवरचे भाषण ऐकवले जाते तेव्हा ती मान डोलावते आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते. मी दोन्ही पाहिले आहे. तेव्हा शिक्षिका किती वर्षे टिकतात, हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा.

कायद्याची एक बाजूही माहीत असावी. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची तरतूद अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आहे. प्रवेशात कॅथॉलिक मुलींना प्राधान्य असते, आणि त्यांच्यातल्या गरीब घरांसाठी ते आवश्यकही आहे. पण सरकार सक्ती करत नाही म्हणून शाळेच्या दारातून गरीब मुलगीच नाहीशी झाली असेल, तर स्वायत्ततेसाठी दिलेली सूट ध्येय टाळण्यासाठी वापरली गेली असे म्हणावे लागेल. यासाठी एक साधा प्रश्न पुरतो : शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलगी याच शाळेत शिकते का? मी ज्या शाळेत सर्वांत समाधानाने काम केले, तेथे ती शिकत होती, आणि कोणत्या मुलीची आई मावशी आहे हे वर्गातील मुलींना ठाऊक असूनही त्याचे कोणाला काही वाटत नव्हते.

शेवटची चौकशी नववीची करावी, कारण दहावीच्या शंभर टक्के निकालाच्या जाहिरातीमागे बहुधा नववी असते. गणितात कच्ची मुलगी निकाल खाली आणेल म्हणून तिला नववीत अडकवायचे, पालकांना बोलावून ‘तिला हे झेपत नाही’ असे गोड शब्दांत समजवायचे, दाखला काढायला लावायचा आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचे, ही पद्धत अनेक नामांकित शाळांत चालते आणि त्यांत कॅथॉलिक शाळाही आहेत. क्लोदीनने जिच्या बाजूने पक्षपात करायला सांगितले होते, तीच ही मुलगी. याउलट काही शाळांत नववीच्या कच्च्या मुलींसाठी शाळेआधी वेगळा तास असतो, तो सर्वांत अनुभवी शिक्षिका घेते, आणि निकाल ९७ टक्के लागला तरी कोणी तोंड पाडत नाही. तुमच्या शाळेत काय होते हे जाणून घ्यायचे असेल, तर गेल्या वर्षी नववीत किती मुली होत्या आणि यंदा दहावीला शाळेतून किती बसल्या, हे दोन आकडे विचारावेत; शाळेने टाळाटाळ केली तरी इयत्तावार पटसंख्या यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या नोंदीत असते. तफावत मोठी असेल, तर मधल्या मुली कुठे गेल्या हे मुख्याध्यापिकांच्याच कार्यालयात बसून, शांतपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावे.